पलटणीच्या वहींतील पूर्वज

वंशवृत्ताची आवड महाराष्ट्रास नवी नाहीं. वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे वादी-प्रतिवादींनीं आपापल्या पिढ्यांची हकीगत सांगणारा करीना सादर करावा, ही जुनी वहिवाट होती. त्र्यंबकेश्वरीं गेलेल्या यात्रेकरूस तीर्थोपाध्यायानें आपली वही उघडून त्याच्या पणजोबाच्या नांवाची नोंद दाखवावी, हा अनुभव आजही कित्येकांस येतो. पुढें विसाव्या शतकांत घराण्याघराण्यांचे कुलवृत्तान्त छापले गेले आणि मध्यमवर्गीय कुटुंबांच्या कपाटांत ते जपून ठेवण्यांत आले. या सर्व साधनांची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांचा एक समान धर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. ज्यांस घर होतें, गांव होतें, उपाध्याय होता, वतन नसलें तरी निदान आडनांव होतें, अशांचींच तीं साधनें आहेत. ज्यांस यांपैकीं कांहींच नव्हतें, त्यांचे पूर्वज कोठें शोधावे? अनाथालयांत वाढलेलें मूल, पलटणीबरोबर छावण्या बदलीत फिरलेला शिपाई, आणि त्या दोघांच्या मागें उभी असलेली, बहुधा नांवही न उरलेली स्त्री, यांचा करीना कोणी लिहिला नाहीं. त्यांच्याविषयीं जें कांहीं लिहिलें गेलें, तें सरकारनें आपल्या हिशेबासाठीं लिहिलें. तो हिशेब वाचून माणसें परत मिळवावयाचीं, असा हा उद्योग आहे, आणि त्याचाच विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

या विचारास पुण्याच्या वायव्येकडील मुलूख फार सोयीचा आहे. खडकीहून मुळा ओलांडून दापोडी, पिंपरी, चिंचवड, देहूरोड या मार्गानें तळेगांवपर्यंत जावें, आणि दुसऱ्या बाजूनें चाकणपर्यंत नजर टाकावी, म्हणजे आज दृष्टीस पडतात ते कारखाने, कामगारांच्या वसाहती आणि मालमोटारींच्या रांगा. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत या गांवांचा चेहरा ओळखूं येऊं नये इतका पालटला. चिंचवड म्हटलें कीं मोरया गोसावी आणि चापेकर बंधु आठवावे, चाकण म्हटलें कीं १६६० सालीं शाएस्ताखानास सुमारें दोन महिने झुंजविणारा फिरंगोजी नरसाळा आठवावा, हें योग्यच आहे. परंतु हाच मुलूख दीडशें-दोनशें वर्षें फौजांच्या वाटेवरचा मुलूख होता, ही गोष्ट आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. १७७९ सालीं वडगांवास इंग्रजांस तह करावा लागला तो याच वाटेवर. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, आणि त्याच महिन्यांत मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या व्हॉन नांवाच्या दोघां इंग्रज भावांस तळेगांवाजवळ पकडून फांशीं देण्यांत आलें. लढाईनंतर खडकी व पुणें येथें कायमच्या छावण्या पडल्या. १८६९ सालीं खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत देहूरोडच्या माळावर लष्करी कोठारें उभीं राहिलीं. जेथें छावणी, तेथें बाजार, तेथें चर्च, तेथें दफनभूमि आणि तेथेंच अनाथ मूल. या चार गोष्टी एकत्र वाढल्या, आणि त्यांचे कागदही एकत्रच निपजले.

अनाथालय आणि पलटण यांचा संबंध केवळ दयाधर्माचा नव्हता, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. कंपनीच्या गोऱ्या पलटणींतील शिपाई इंग्लंड-आयर्लंडांतून एकटा येई. बायको बरोबर आणण्याची परवानगी थोड्यांसच मिळे. पटकी, हगवण आणि दारू यांनीं लढाईपेक्षां अधिक माणसें मारलीं. अशा स्थितींत जीं मुलें मागें राहत त्यांत गोऱ्या आईचीं थोडीं आणि या देशांतील आईचीं पुष्कळ असत. त्यांची व्यवस्था लावण्यासाठीं कलकत्त्यास १७८० नंतरच्या दशकांत लष्करी अनाथ-संस्था निघाली. मद्रासेस १७८७ सालीं मुलींचें व १७८९ सालीं मुलग्यांचें अनाथालय निघालें. मद्रासच्या या दुसऱ्या संस्थेंत अँड्र्यू बेल यानें थोरल्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याची पद्धत चालविली आणि तीच पुढें इंग्लंडांत 'मद्रास पद्धति' म्हणून गाजली. उत्तरेस सनावर येथें १८४७ सालीं हेन्री लॉरेन्स यानें शिपायांच्या मुलांसाठीं आश्रम काढला.

आमच्या इलाख्यांत हें काम मुंबईनें केलें. रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकानें १७१८-१९ च्या सुमारास मुंबईस गरीब मुलांची एक लहानशी शाळा काढली होती. तिचा भार पुढें १८१५ सालीं आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यानें स्थापिलेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीनें उचलला. या संस्थेच्या शाळा भायखळ्यास गेल्या व 'भायखळा स्कूल्स' या नांवानें शंभर वर्षें नांदल्या. १९२५ सालीं त्यांचें स्थलांतर देवळालीस होऊन तेथें बार्न्स स्कूल उभें राहिलें. मराठी वाचकांस या संस्थेची ओळख नसली तरी तिचें ऋण त्यांच्यावर आहे. एतद्देशीय मुलांच्या शाळा व पुस्तकें यांचें काम तिनें आरंभीं आपल्याकडेच घेतलें होतें. तें वेगळें करण्यासाठीं १८२० सालीं निराळी समिति नेमली गेली आणि तींतूनच पुढें बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी उदयास आली. सदाशिव काशीनाथ छत्रे आणि बाळशास्त्री जांभेकर यांनीं ज्या संस्थेंत काम करून मराठी क्रमिक पुस्तकांचा पाया घातला, ती संस्था गोऱ्या शिपायांच्या पोरक्या मुलांसाठीं निघालेल्या संस्थेची धाकटी बहीण होय. एका घरांतून दोन वाटा फुटल्या. एका वाटेचा इतिहास आम्ही अभिमानानें सांगतों. दुसरीचा आम्हांस पत्ताही नसतो.

या दुसऱ्या वाटेनें गेलेल्या मुलांचें पुढें काय झालें? येथें कायदा आडवा येतो. ज्यांचे आईबाप दोघेही युरोपियन नाहींत, अशांस १७९१ सालीं कंपनीनें आपल्या वरिष्ठ नोकऱ्या बंद केल्या, आणि १७९५ सालीं सैन्यांतही त्यांस लढाऊ जागा नाकारून ढोलवाले, बासरीवाले, बँडवाले व नालबंद एवढ्याच जागा मोकळ्या ठेवल्या. म्हणून अनाथालयाच्या पटावरील मुलगा पुष्कळदां पलटणीच्या हजेरीपटांत ढोलवाला होऊन पुन्हां प्रकट होतो, आणि तेथील मुलगी एखाद्या सार्जंटाची नवरी म्हणून चर्चच्या विवाहवहींत सांपडते. बापाच्या पलटणीनें मुलास अनाथालयांत सोडावें आणि अनाथालयानें त्यास पुन्हां पलटणीच्या हवालीं करावें, असा हा रहाटगाडगा होता. शोध करणाऱ्याच्या दृष्टीनें मात्र यांत एक सोय आहे. एका वहींत तुटलेला धागा दुसऱ्या वहींत सांपडण्याचा संभव असतो. फक्त धागा कोणत्या बाजूस गेला, हें रूढीवरून ओळखतां आलें पाहिजे.

आतां या वह्यांचें स्वरूप थोडक्यांत सांगूं. कंपनीच्या सैन्याचे हजेरीपट दर वर्षीं तयार होऊन लंडनला जात. गोऱ्या शिपायाचें नांव, जन्मस्थान, पूर्वीचा धंदा, तो कोणत्या जहाजानें कोणत्या सालीं आला, कोणत्या कंपनींत कोणत्या हुद्यावर आहे, असल्या गोष्टी त्यांत व त्याच्या भरतीच्या कागदांत आढळतात. चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला छावणीच्या धर्मोपदेशकानें मुंबईस पाठवाव्या आणि मुंबईहून त्या विलायतेस जाव्या, असा शिरस्ता होता. पुण्याच्या छावणींतील सेंट मेरी चर्च १८२५ सालीं बिशप हेबर याच्या हस्ते पवित्र करण्यांत आलें. तेथील नोंदी याच मार्गानें गेल्या. हे सर्व कागद इंडिया ऑफिसांत सांठले आणि आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांतील पुष्कळांच्या प्रतिमा व सूची संगणकावरही पाहावयास मिळतात. म्हणजे आपल्या गांवच्या माणसाचा दाखला आपल्या गांवीं नसून हजारों कोसांवर असावयाचा, ही परिस्थिति विलक्षण खरी, परंतु राज्यकर्त्यांच्या टापटिपीमुळें तो निदान शिल्लक आहे, एवढें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

परंतु वही मिळाली म्हणजे माणूस मिळाला असें नव्हे. पलटणींचीं नांवें बदलतात. मुंबईची पहिली युरोपियन पलटण १८६२ सालीं राणीच्या सैन्यांत १०३ वी रॉयल बॉम्बे फ्यूझिलियर्स झाली आणि १८८१ सालीं रॉयल डब्लिन फ्यूझिलियर्सची दुसरी पलटण झाली. १९२२ सालीं ती मोडली. ज्यास ही परंपरा ठाऊक नाहीं, तो आपल्या पूर्वजास डब्लिनकर ठरवून आयर्लंडांत त्याचें घर शोधीत बसेल. तीच गोष्ट बायकांची. शिपायाच्या विधवेस मिळणारी मदत इतकी तुटपुंजी व अल्पकाळची असे कीं, कांहीं महिन्यांतच दुसरा नवरा करणें तिला भाग पडे. त्यामुळें एकाच स्त्रीचीं दहा वर्षांत तीन आडनांवें होतात आणि तिचीं मुलें तीन कुटुंबांचीं वाटूं लागतात. शिवाय घरोघरच्या आख्यायिका असतातच. आमचा पूर्वज मोठा अधिकारी होता, अमुक सरदाराच्या मुलीशीं त्याचें गुप्तपणें लग्न झालें होतें, अशी कथा जेथें ऐकूं येते, तेथें हजेरीपट पुष्कळदां साध्या शिपायाचें नांव दाखवितो. यांत खंत मानण्याचें कारण नाहीं. तो साधा शिपाई जगला, राबला आणि मेला, ही गोष्ट खोट्या सरदारापेक्षां अधिक मोलाची आहे. म्हणून शोधाचा एकच नियम आम्ही सांगूं. ज्ञात पिढीपासून आरंभ करावा, एकेक पायरी मागें जावें, आणि दोन निरनिराळ्या वह्यांची साक्ष जुळल्याखेरीज पुढची पायरी चढूं नये.

या सर्व नोंदींत एक माणूस सतत नाहींसें होतें, आणि तें म्हणजे आई. बाप्तिस्म्याच्या नोंदींत बापाचें नांव, हुद्दा आणि पलटण असते. आई या देशांतील असली तर 'एक एतद्देशीय स्त्री' एवढ्यावर काम भागविलेलें असतें, किंवा तिचा रकाना रिकामाच असतो. लग्न लागलें तर तिला नवें ख्रिस्ती नांव मिळे आणि जुनें पुसलें जाई. ही उपेक्षा कंपनीबरोबर संपली असेंही नाहीं. १९५० सालच्या आमच्या राज्यघटनेंत अँग्लो-इंडियन कोण, याची व्याख्या देतांना पित्याकडील पुरुषपरंपरेंत युरोपियन वंश असावा, असें सांगितलें आहे. त्या समाजाच्या नियुक्त जागा २०२० च्या आरंभीं बंद झाल्या, व्याख्या मात्र राहिली. मातेस तींत जागा नाहीं. आणि तरी ती माता कोण होती? छावणीच्या बाजारांतली, आसपासच्या खेड्यांतली, दुष्काळानें घराबाहेर पडलेली कोणी एक स्त्री. तिची भाषा या भागांत पुष्कळदां मराठीच असली पाहिजे. ज्यास आम्ही परक्यांचा इतिहास म्हणून बाजूस सारतों, त्याचा अर्धा भाग आमच्याच लेकीबाळींचा आहे.

कधीं कधीं कागदानें गाळलेली आई दुसऱ्याच वाटेनें पुढें येते. सुरतेस कंपनीच्या नोकरींत असलेल्या थिओडोर फोर्ब्स याच्या घरीं एलायझा केवार्क नांवाची स्त्री होती. त्यांची मुलगी कॅथरिन लहानपणींच विलायतेस धाडली गेली आणि आई येथेंच राहिली. एलायझा आर्मेनियन म्हणून ओळखली जाई. २०१३ सालीं तिच्या स्त्रीपरंपरेंतील वंशजांच्या लाळेचें परीक्षण झालें, तेव्हां त्या परंपरेंत हिंदुस्थानी मातृवंशाची खूण आढळल्याचें जाहीर झालें. आणि इंग्लंडचे राजपुत्र विल्यम याच परंपरेंत येतात. राजघराण्याच्या वंशावळींतही एका आजीचें मूळ दोनशें वर्षें झांकून राहूं शकलें, तर छावणींतील ढोलवाल्याच्या आईची काय कथा!

दापोडीचेंही एक उदाहरण येथें देण्यासारखें आहे. पेशव्यांच्या पलटणीवरचा कॅप्टन फोर्ड याचा बंगला येथें होता. पुढें तेथें मुंबईच्या गव्हर्नरांचें पावसाळी निवासस्थान झालें आणि सरकारी वनस्पति-उद्यान वाढलें. उद्यानाचा अधीक्षक डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यानें १८४७ ते १८५० च्या सुमारास तेथील झाडाफुलांचीं सुमारें १७० चित्रें काढवून घेतलीं. तीं आज एडिंबरोच्या राजकीय उद्यानांत जपून ठेविलेलीं असून 'दापुरी चित्रें' या नांवानें विद्वानांत प्रसिद्ध आहेत. गिब्सनचें चरित्र सांगतां येतें, प्रत्येक झाडाचें लॅटिन नांव सांगतां येतें. ज्याच्या हातानें तीं रंगलीं तो पोर्तुगीज-हिंदी वंशाचा चित्रकार मात्र निनांवी राहिला आहे. फुलाच्या पाकळीस नांव आहे आणि चित्रकारास नाहीं, हा त्या काळच्या दप्तराचा स्वभाव होता.

आतां एतद्देशीय शिपायाकडे वळूं. चाकणहून भीमेच्या कांठानें थोडें पूर्वेस गेलें म्हणजे कोरेगांव लागतें. १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्यांचीं नांवें तेथील स्तंभावर कोरलेलीं आहेत. त्या एकूणपन्नास नांवांपैकीं बावीस नांवांच्या अखेरीस 'नाक' हा प्रत्यय आहे आणि त्यावरून तीं महार शिपायांचीं असल्याचें ओळखतात. ज्यांस गांवांत वेशीबाहेर राहावें लागे, त्यांचीं नांवें दगडावर कोरण्याचा तो प्रसंग होता. त्या स्तंभाच्या अर्थाविषयीं आजही वाद होतात. त्यांत न शिरतां आम्ही एवढेंच म्हणूं कीं, अनेक कुटुंबांस आपल्या जातीचा माणूस सरकारी अक्षरांत प्रथम दिसला तो येथें.

आणि या अक्षरांचा उपयोग केवळ स्मरणापुरता झाला नाहीं. १८९२ च्या सुमारास सरकारनें महारांची सैन्यभरती बंद केली. त्या वेळीं पेन्शनीत निघालेले शिपाई कोंकणांत दापोलीस व इतरत्र राहत असत. त्यांपैकीं गोपाळबुवा वलंगकर यांनीं आपल्या लोकांच्या सैनिकी सेवेचा दाखला देऊन अर्ज तयार केला. पुढें शिवराम जानबा कांबळे यांनीं पुण्याकडील महार मंडळींच्या वतीनें हीच मागणी चालविली आणि १९१० सालीं ती थेट विलायतेंतील स्टेट सेक्रेटरीपर्यंत नेली. या अर्जांचा मुख्य आधार कोणता? आमच्या बापआजांनीं मुंबईच्या सैन्यांत चाकरी केली, ही गोष्ट. १९१७ सालीं महायुद्धाच्या गरजेपोटीं १११ वी महार पलटण उभारली गेली, १९२१ सालीं मोडली गेली, आणि १९४१ सालीं महार रेजिमेंट कायमची उभी राहिली. ज्यांस कुलवृत्तान्त नव्हता त्यांनीं पलटणीची वही हाच कुलवृत्तान्त केला आणि त्याच्या बळावर हक्क मागितला. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेंत मुख्याध्यापक होते; आजोबा मालोजीही सैन्यांतच होते. लष्करी शाळेनें त्या घरांत अक्षर आणलें आणि त्या अक्षरानें पुढें काय घडविलें, हें सांगावयास नको. त्याच बाबासाहेबांच्या हस्ते २५ डिसेंबर १९५४ रोजीं देहूरोड येथें बुद्धमूर्तीची स्थापना झाली. छावणीच्या वस्तींत ती व्हावी, यांत आम्हांस या दीर्घ परंपरेची संगति दिसते.

एतद्देशीय शिपायाची नोंद वाचण्याच्या अडचणी निराळ्या आहेत. जुन्या कागदांत आडनांव बहुधा नसतें. अमुक बिन तमुक, जात, गांव आणि उंची एवढ्यावर माणूस ओळखावा लागतो. इंग्रज कारकुनानें कानावर पडलेला उच्चार आपल्या लिपींत उतरविला, आणि मोडी लिहिणाऱ्यानें ऱ्हस्वदीर्घाची फिकीर केली नाहीं. तेव्हां एकाच गांवाचीं चार रूपें होतात. येथें खेड, हवेली व मावळ या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांचीं जुनीं नांवें ज्यास मुखोद्गत आहेत असा म्हातारा माणूस, लंडनच्या सूचीपेक्षां अधिक उपयोगीं पडतो.

पहिल्या महायुद्धांत सहाव्या, म्हणजे पुणें डिव्हिजनमधून मराठा पलटणी मेसोपोटेमियांत गेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं कुत-अल-अमारा पडल्यावर पुष्कळजण कैदेंत सांपडले. पुढें बसऱ्यास स्मारक उभारलें गेलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं, परंतु हिंदी शिपायांपैकीं अंमलदारांखेरीज इतरांची केवळ संख्या दिली गेली. खडकीच्या युद्ध-दफनभूमींत दुसऱ्या महायुद्धांतील सोळाशेंहून अधिक थडगीं आहेत, आणि पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांत मरण पावलेल्या अठराशेंहून अधिक सैनिकांचें स्मारक तेथेंच आहे. तेथील नीटनेटकेपणा पाहून ज्यास बसऱ्याची हकीगत आठवेल, त्याचें मन अस्वस्थ झाल्यावांचून राहणार नाहीं. ही विषमता युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ मंडळानेंच अखेर २०२१ सालीं कबूल केली. हिंदी, आफ्रिकी व इतर मिळून ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण कमी प्रतीनें झालें, आणि निदान १,१६,००० मृतांचें नांवानें, किंवा मुळींच, स्मरण झालें नाहीं, असें त्या चौकशींत आढळलें. म्हणून कोणा खेडेगांवच्या घरांत एखादें जुनें पदक वा पेन्शनचा कागद पडला असेल, तर तो जपावा. दगडावर नसलेलें नांव कदाचित् त्या कागदावरच असेल.

अनाथालयाच्या नोंदींविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जोतीराव फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. विधवांनीं तेथें गुप्तपणें बाळंत व्हावें आणि मूल ठेवून वा घेऊन जावें, अशी व्यवस्था होती. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतीराव व सावित्रीबाई यांनीं दत्तक घेतला, तोच यशवंत. १८८७ सालच्या मृत्युपत्रानें जोतीरावांनीं त्यास आपला वारस केलें. तरी १८९० सालीं जोतीरावांच्या अंत्यविधीच्या वेळीं त्याचा अधिकार नातलगांनीं नाकारला, आणि सावित्रीबाईंस स्वतः टिटवें धरून पुढें चालावें लागलें. हा यशवंत पुढें लष्करांत डॉक्टर झाला. अनाथालय आणि सैन्य या दोन्ही दप्तरांशीं संबंध आलेला असा हा आमचाच माणूस आहे, आणि त्याची कथा आम्ही सर्व जाणतों, याचें कारण जोतीरावांनीं त्यास उघडपणें आपलें नांव दिलें.

परंतु त्या गृहांत जन्मलेल्या इतर मुलांचें काय? तेथें आयांचीं नांवें झांकून ठेवणें हेंच संस्थेचें ब्रीद होतें. पंढरपुरास १८७५ सालीं निघालेल्या आश्रमाचीही तीच रीत. आतां वाचकांनीं दोन मौनांची तुलना करावी. छावणीच्या बाप्तिस्मावहींत आईचा रकाना रिकामा आहे, तो ती स्त्री नोंदीच्या योग्यतेची नाहीं, असें वाटल्यामुळें. फुल्यांच्या गृहांत नांव गुप्त आहे, तें त्या स्त्रीस जगतां यावें म्हणून. कागद दोन्ही ठिकाणीं कोराच. परंतु एक कोरेपणा तुच्छतेचा आणि दुसरा करुणेचा आहे. पहिला भरून काढणें हें संशोधकाचें कर्तव्य होय. दुसऱ्यापाशीं मात्र त्यानें थबकलें पाहिजे. ज्या स्त्रीनें विश्वासानें आपलें नांव झांकलें, तें शंभर वर्षांनंतर केवळ कुतूहलापोटीं चवाट्यावर आणण्याचा आपणांस काय अधिकार? तिच्याच वंशजास आपलें मूळ जाणून घ्यावयाचें असेल तर गोष्ट निराळी. त्याची तहान खरी आहे आणि तिला मान दिला पाहिजे. तरीही त्यानें मिळालेली गोष्ट आपल्या घरापुरती ठेवावी, असेंच आमचें मत आहे.

आमच्याकडे हा विषय आज केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. २०२३ सालीं जुन्या कुणबी नोंदींचा शोध सरकारी समितीमार्फत सुरू झाला, आणि गांवोगांव लोक कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वह्या व मोडी दप्तरें चाळूं लागले. एका शब्दाच्या नोंदीवर मुलाचें शिक्षण वा नोकरी अवलंबून असूं शकते, हें सर्वांनीं पाहिलें. कोणास दाखला हवा आहे, कोणास परदेशीं नागरिकत्वासाठीं पुरावा हवा आहे, आणि कोणास केवळ आपण कोण, या प्रश्नाचें उत्तर हवें आहे. हेतु भिन्न असले तरी वही एकच, आणि ती कुरतडली गेली तर सर्वांचेंच नुकसान आहे.

म्हणून या औद्योगिक पट्ट्यांतील सुशिक्षित कुटुंबांस आमची विनंति आहे. रस्ता रुंद होतो, शेत कारखान्याखालीं जातें, जुनी दफनभूमि भिंतीआड पडते, हें थांबविणें कोणाच्या हातीं नाहीं. परंतु थडग्यावरील अक्षर झिजण्यापूर्वीं त्याची नक्कल करून ठेवणें, गांवच्या शाळेची जुनी पटवही रद्दींत जाऊं न देणें, घरांतील वृद्धांस पलटणीचें व गांवाचें नांव विचारून लिहून घेणें, हें कोणासही साधण्यासारखें आहे. मोडी वाचणारी चार तरुण माणसें प्रत्येक तालुक्यांत तयार झालीं, तर पुण्याच्या पेशवे दप्तरांतील हजारों रुमालांपासून गांवच्या चावडींतील पेटीपर्यंत पुष्कळ मुके कागद बोलूं लागतील. इंग्लंडांत १९७६ पासून एक मंडळी दक्षिण आशियांतील युरोपियन दफनभूमींच्या नोंदी करीत आहे. आपल्या लोकांच्या थडग्यांची काळजी त्यांनीं वाहिली, यांत नवल नाहीं. त्या थडग्यांशेजारीं वावरलेल्या आमच्या माणसांची काळजी आम्हीच वाहिली पाहिजे. हजेरीपटांतील ढोलवाला, रिकाम्या रकान्यांतील आई, बसऱ्याच्या भिंतीवर केवळ आंकडा झालेला मावळचा शिपाई, हे कोणाचे तरी पूर्वज आहेत. आणि त्यांचे वंशज कदाचित् पिंपरीच्या वा चाकणच्या कारखान्यांत आज शेजारीशेजारीं उभे राहून काम करीत असतील.